नेम लागतो गोळीच्या आधी

‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळताना नेम चुकला, की मुलं पहिला दोष माउसला देतात. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधोमध दिसणारी नेमाची खूण, चालताना जमिनीकडे झुकलेली असते. कोपऱ्याआडून शत्रू आला, की ती आधी वर न्यायची, मग बाजूला. तेवढ्यात तो गोळी झाडून मोकळा होतो. खूण कायम डोक्याच्या उंचीवर ठेवा, आणि जिथून माणूस निघेल त्या कडेशी धरून चाला. मग हाताला हलायला फारसं उरतच नाही.

नेमात पायांचाही वाटा असतो. या खेळात पळता पळता रायफल चालवली, तर गोळ्या विखुरतात. ‘ए’ दाबून डावीकडे जात असाल, तर ती कळ सोडून क्षणभर ‘डी’ दाबा. वेग तुटतो, आणि नेमकी तेव्हाच गोळी झाडायची. हे बोटांत मुरायला वेळ लागतो, पण माझ्या मते सर्वाधिक फायदा इथेच आहे.

माउस ८०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे माउसच्या संवेदनशीलतेचं माप) आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलवला की नजर किती वळते तो आकडा, १ ठेवली, तर पूर्ण गिरकीसाठी माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. एकट्या मनगटाला हे झेपत नाही, कोपरापासून हात फिरवावा लागतो. म्हणून टेबलावर जागा मोकळी करा. सेन्सिटिव्हिटीचा जमेल तो आकडा निवडा, हरलात म्हणून रोज बदलू नका.

सरावाला खेळातला डेथमॅच हा प्रकार उत्तम, कारण मेल्यावर लगेच परत उतरता येतं. मनगट दुखू लागलं, तर मात्र त्या दिवशी तिथेच थांबा.