कोलू पाटलांच्या बांधावर स्वागत

नवेगावचा बांध सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, अठराव्या शतकाच्या आरंभी, कोलू पाटील कोहळी यांनी घातला. या बांधाच्या गावी पाणथळ जागांच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या परिषदेसाठी आलेले अभ्यासक, कायदेतज्ज्ञ, वनाधिकारी, मच्छीमार आणि शेतकरी या सर्वांचे स्वागत समिती समस्त गावकऱ्यांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करते.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या तलावाचा घेर इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये 17 मैल नोंदवलेला आहे. भोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. बांधाच्या कामी याच सात बहिणींनी कोलू पाटलांना हात दिला, अशी लोकश्रद्धा आहे. पुढे लोकांनी खुद्द पाटलांनाच कोलासूर देव मानले. पाणी अडवणाऱ्या माणसाला देवपण देणारे हे गाव आहे.

हा तलाव एकटा नाही. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी वाहून जायला सलंग आणि खाली धानाची बांधी, अशी त्यांची रचना. एका तलावाचे वाहून गेलेले पाणी खालच्या तलावात जाई. मालगुजारीच्या काळात गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार आणि गावकरी मिळून त्यांची देखभाल करीत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाचा हात सुटला, गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. तरी आजही धान याच पाण्यावर पिकते, मरळ मासळी याच पाण्यात वाढते आणि मासेमारी करणाऱ्या धीवर कुटुंबांची चूल याच पाण्यावर पेटते.

पाणी आणि रान जपण्याच्या या परंपरेतले एक नाव नव्या पिढीच्या फारसे कानी नाही, ते माधवराव पाटील डोंगरवार यांचे. विद्यापीठाची पदवी नसतानाही तलावातले पक्षी, त्यांच्या येण्याजाण्याचे ऋतू, जंगलातल्या वाटा आणि प्राण्यांच्या सवयी यांचे त्यांचे ज्ञान थोर होते. वनाधिकारी म्हणून येथे आलेले मारुती चितमपल्ली त्यांच्या सहवासात हे रान वाचायला शिकले आणि त्यांच्या लेखनातून माधवराव महाराष्ट्रभर पोचले. 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. त्यामागे माधवरावांसारख्या जाणत्यांनी जपलेली आस्था होती. परिषदेच्या पहिल्याच सत्रात त्यांचे स्मरण व्हावे, ही गावाची इच्छा आहे.

परिषदेच्या विषयाशी गावाचा संबंध एका व्याख्येतून येतो. 2010 च्या केंद्रीय पाणथळ नियमांत तलाव, जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळी यांचा स्पष्ट समावेश होता. 26 सप्टेंबर 2017 च्या नव्या नियमांनी सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा मिठासाठी खास बांधलेली जलस्थळे व्याख्येबाहेर काढली. केंद्रीय नियामक प्राधिकरण गेले आणि अधिकार राज्य प्राधिकरणांकडे आले. निर्णयाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची तरतूदही नव्या नियमांत राहिली नाही. धानासाठी बांधलेला प्रत्येक मालगुजारी तलाव सिंचनाचाच. म्हणजे ज्या कामासाठी पूर्वजांनी तो बांधला, तेच काम त्याला संरक्षणातून वगळण्याचे कारण ठरते. धानशेती तर दोन्ही नियमांत वगळलेलीच आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सारस पक्षी याच जिल्ह्यात आहेत. ते तलावावर चरतात आणि धानाच्या बांधीत घरटे करतात. त्यांची दोन्ही घरे नियमाबाहेर आहेत.

आधार उरतो तो सर्वोच्च न्यायालयाचा. 8 फेब्रुवारी 2017 च्या आदेशाने राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळींना 2010 च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण मिळाले आणि नवे नियम आल्यावरही न्यायालयाने ते चालू ठेवले. त्याहून लहान बोड्या मात्र या आधारालाही मुकतात. मोठ्या बांधाकडे राष्ट्रीय उद्यानामुळे लक्ष जाते, बोडीकडे कोणाचेच जात नाही.

परिषदेच्या व्यवस्थेतील उणिवांची समितीला पूर्ण जाणीव आहे. निवास शाळेच्या खोल्यांत आहे, खाटा सर्वांना पुरल्या नाहीत, पाण्याकाठी डासांचा त्रास होईल आणि विजेचा भरवसा देता येत नाही. गोंदिया–बल्लारशा मार्गावर गाड्या मोजक्या असल्याने अनेक पाहुण्यांना स्थानकावर ताटकळावे लागले. या सर्वांबद्दल समिती अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. जेवणाचा तांदूळ तालुक्यातील शेतकऱ्यांनी घरच्या कोठीतून दिला. मासळी धीवर बांधवांनी दाम न घेता आणली. स्वयंपाकाचा भार महिला बचत गटांनी उचलला. व्यापाऱ्यांनी मंडपाचा खर्च दिला, शिक्षकांनी खोल्या सजवल्या, ग्रामपंचायतीने टँकर पुरवले, वनकर्मचाऱ्यांनी पक्षीदर्शनाची सोय केली आणि तरुणांनी रात्री जागून रस्त्यांवरचे खड्डे बुजवले. नाव न सांगता देणगी देणाऱ्या वृद्ध शेतमजुरांपुढे तर समिती नतमस्तक आहे.

परिषदेने आपल्या ठरावांत तीन मागण्या अग्रक्रमाने घ्याव्यात. सिंचनासाठी बांधलेल्या पारंपरिक तलावांना पाणथळीच्या व्याख्येत पुन्हा स्थान मिळावे. प्रत्येक तलावाची आणि बोडीची हद्द जागेवर मोजून सातबाऱ्यावर नोंदवली जावी. देखभालीचा अधिकार ग्रामसभेला आणि मच्छीमार संस्थांना निधीसह मिळावा. माणसाने बांधलेले तळेही पाणथळच असते, हे सरकारने मान्य करावे, एवढेच या गावाचे मागणे आहे.