सामाजिक न्यायाचा तास वेगळा नसतो



महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या उजळणी वर्गांत मी एक सत्र घेतो. विषय असतो 'अध्यापन आणि सामाजिक न्याय'. फळ्यावर हे शब्द लिहिले की समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठीची मंडळी वही उघडतात. रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि वाणिज्यवाले घड्याळाकडे बघतात. चहाच्या सुट्टीत त्यांच्यापैकी कुणीतरी विचारतंच, "सर, तुमचं म्हणणं पटतं. पण आमच्या विषयात हे बसवायचं कुठं? पोर्शनच पुरा होत नाही."

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तर उपदेशानं देऊन चालत नाही. उत्तर त्यांच्याच अभ्यासक्रमातून काढून दाखवावं लागतं.

हायड्रोजन सल्फाइडचंच बघा. किपचं उपकरण आणि सडक्या अंड्यांचा वास विज्ञान शाखेत शिकलेला माणूस सहसा विसरत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि धोका सर्वांत जास्त असतो तेव्हाच तो कळेनासा होतो. हे सगळं पुस्तकात आहे. आता त्याला एकच वाक्य जोडायचं : गटारात आणि मैलाटाकीत उतरणारी माणसं याच वायूनं गुदमरतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला तिथं उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसं मरतातच. ती कोणत्या वस्त्यांमधून येतात, हे विद्यार्थी आपणहून विचारतात. यात पोर्शन मागं पडत नाही. वायूचे गुणधर्म मात्र जन्मभर लक्षात राहतात.

संख्याशास्त्रात सरासरी शिकवतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. आकडा ऐकायला बरा वाटतो. फक्त स्त्रियांचा काढला तर तो ७६च्या आसपास येतो आणि आदिवासी स्त्रियांचा ५७च्या आसपास. सरासरी खोटं बोलत नाही, पण बरंच झाकून ठेवते. हा धडा गणिताचाही आहे आणि न्यायाचाही.

वाणिज्य शाखेत परिव्यय लेखांकन असतं. तिथं ऊसतोडीचा हिशेब मांडायला द्या. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून आणि व्यवहार बहुधा नवऱ्याच्या नावानं. ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, गाडी भरणं यांत बाईचे कष्ट किती आणि खतावणीत तिचं नाव कुठं, एवढाच प्रश्न विचारायचा. वर्गात बीडची किंवा अहिल्यानगरची मुलं असली, तर त्यांना हा हिशेब शिकवावा लागत नाही.

इथंच एक पथ्य सांगतो. जात किंवा गरिबी यावर बोलणं निघालं की त्या समाजातल्या विद्यार्थ्याकडे वळून "तू सांग तुझा अनुभव" असं म्हणू नये. तो शिकायला आलेला असतो, साक्ष द्यायला नव्हे. आपण होऊन बोलला तर मन लावून ऐकावं. शिष्यवृत्तीची यादी भरवर्गात वाचून मुलांना उभं करणं, आडनाव ऐकून अपेक्षा ठरवणं, बोलीभाषेत दिलेल्या बरोबर उत्तरावर हसणं, या रोजच्या गोष्टींनी मूल वर्गातून मनानं आधी बाहेर पडतं. हजेरीपटावरचं नाव नंतर कमी होतं.

प्राध्यापकांना मदत करायची म्हणजे काय? भाषणं पुष्कळ झाली. त्यांच्याच विषयाचा अभ्यासक्रम पुढ्यात ठेवून दोघा-तिघांनी मिळून तासभर बसावं. वर्षभरातला एकच घटक निवडावा, त्यासाठी एक उदाहरण आणि एक प्रश्न तयार करावा. सहकाऱ्यानं तो तास मागच्या बाकावर बसून बघावा. आणि तो प्रश्न परीक्षेत यावा. परीक्षेत न येणारी गोष्ट मुलंही गंभीरपणे घेत नाहीत आणि आपणही.

"हे राजकारण वाटेल," असं काहीजण म्हणतात. मी त्यांना सांगतो, आपण प्रश्न द्यायचा, निष्कर्ष नाही. आकडे खरे असावेत, कायदा बरोबर सांगावा आणि वेगळं मत मांडणाऱ्या मुलाला पुरता वेळ द्यावा. एवढं पाळलं तर तो प्रचार होत नाही, ते शिक्षणच असतं.

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. महसूल कष्टकरी रयतेकडून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार होती. आज त्या रयतेची नातवंडं-पतवंडं आपल्या वर्गात येऊन बसली आहेत. त्यांच्या घरचं जगणं आपल्या विषयात त्यांना दिसायला हवं. पुढच्या आठवड्यातला कोणताही एक तास घ्या आणि तिथून सुरुवात करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)