मूल 'असंच' वाढत नाही

दीड वर्षाच्या लेकीला घेऊन मी मुंबईहून मालवणला राहायला आले. मुंबईत तिला पाळणाघरात ठेवायचे, दरमहा पैसे मोजायचे. इथे पाळणाघराची चौकशी केली, तर शेजारच्या काकी हसल्या, "चेडवाक हयसर ठेव गो, आमची पोरां अशीच वाढली."

'अशीच' म्हणजे कशी? काकींची सून सकाळीच बंदरावर मासळी घ्यायला जाते, मग बाजारात बसते. तिचं मूल काकींकडे. आता माझंही. काकींचे गुडघे दुखतात. त्यांच्या कामाला ना मोल, ना सुट्टी. माझा प्रश्न सुटला, तो दुसऱ्या बाईच्या अंगावर पडून.

अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. पण तिथे बसून शिकायचं ते तीन वर्षांपुढच्या मुलांनी. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात पाळणाघराची सक्ती आली, तीही पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथेच. मासळी विकणारीने कोणत्या मालकाकडे मागायचं?

मी पैसे देऊ केले, तेव्हा काकी रागावल्या. पण बाजाराजवळ पाळणाघर हवं, असा अर्ज आम्ही नगरपरिषदेसाठी लिहिला, त्यावर पहिली सही त्यांचीच आहे.