घरचे गाणे आणि मधले हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. गाण्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, संगणकावर बोलणारे तर आता गल्लोगल्ली आहेत; पण संगणकावर गाणे लावणाऱ्या प्रोग्रॅमवर बोलायचे म्हणजे जेवणावर व्याख्यान द्यायला उभे राहून वाढप्याबद्दल बोलण्यासारखे झाले. आमची त्याला हरकत नाही. वाढपी वाईट असला की श्रीखंडात आमटी मिसळते, हे आपण सर्वांनी पंगतीत अनुभवलेले आहे.

आम्ही गवई नाही आणि इंजिनियरही नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि संध्याकाळी गाणे ऐकले, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा जे सांगू ते ऐकणाऱ्याच्या बाजूने.

प्रथम तक्रार काय होती ते सांगतो. घरातल्या साऱ्या सीडी आम्ही संगणकात भरून घेतल्या होत्या. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग पाडलेले असतात. ते छापणाऱ्याने पाडलेले असतात, गाणाऱ्याने नव्हेत. गाणारा विलंबिताची अखेरची तान घेऊन समेवर येतो आणि त्याच भरात द्रुत धरतो. आमच्या संगणकावरचा प्रोग्रॅम मात्र पहिला भाग संपला की दम घ्यायचा. अर्धा सेकंद असेल, पण त्या अर्ध्या सेकंदात तानपुराही बंद! गवई थांबला तर चालते, तबलजी हातोडी घेऊन तबला ठोकू लागला तरी चालते. पण तानपुरा तुटला की बैठकीच्या पायाखालची जमीनच जाते. त्यातून कोणाचा तरी निरोप आला की ‘टिंग’ अशी घंटा नेमकी कोमल ऋषभावर येऊन बसायची.

ती घंटा आम्हांला त्रासदायक वाटली, पण खरे म्हणजे तिनेच आमचे डोळे उघडले. गाणे आणि घंटा एकाच कर्ण्यातून एकाच वेळी बाहेर पडतात, त्या अर्थी मध्ये कोणीतरी बसून दोन्ही एकत्र कालवीत असले पाहिजे. तसा तो बसलेला असतोच. आता कालवायचे म्हणजे दोन्हींचे माप एक हवे. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. सुरुवातीच्या काळात ही अंकरूप नोंद व्हिडिओच्या फितीवर ठेवीत. सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात वापरायच्या २४५ रेघा, प्रत्येक रेघेवर ३ नोंदी, गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रे आणि २९४ रेघा. गुणाकार पुन्हा तोच. गणिताच्या शिक्षकाला असा मेळ सापडला की दिवस चांगला जातो. उलट संगणकातला हा कालवणारा बहुधा ४८,००० चे माप धरून बसतो. म्हणजे सीडीच्या दर १४७ नोंदींच्या जागी त्याला १६० बनवाव्या लागतात. मूळच्या नोंदी जाऊन हिशेबाने काढलेल्या नोंदी येतात. त्या चांगल्या हिशेबाने काढलेल्या असतात हे पुढे सांगूच. पण आमच्या गाण्याला कोणी न विचारता हात लावतो आहे, एवढ्यानेच आमचे डोके फिरले.

आमच्या भाच्याने उपाय सांगितला. तो म्हणाला, “मामा, तुमचा तो माळ्यावरचा जुना संगणक काढा. त्यावर लिनक्स घालू आणि मधली सगळी माणसे घालवून देऊ.”

लिनक्सची कुळकथा आपणांस ठाऊक असेल. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्द्स नावाच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि तो जगाला उघडा करून दिला. त्या गाभ्यात आवाजाचे जे खाते आहे त्याला ‘आल्सा’ म्हणतात. यारोस्लाव कीसेला या चेक गृहस्थांनी ते काम १९९८ च्या सुमारास आरंभिले. आल्साशी थेट बोलता येते, मध्ये कालवणारा न ठेवता. तसे बोलणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. ‘सीमस’ नावाचा एक आहे, तो काळ्या पाटीवर नुसती अक्षरे दाखवतो, चित्र औषधालाही नाही. आम्ही घेतला तो ‘म्युझिक प्लेअर डीमन’, थोडक्यात एमपीडी. हा २००३ पासूनचा आहे.

या ‘डीमन’ शब्दावर थोडे थांबू. आमच्या सौभाग्यवतींनी तो ऐकला आणि शनिवारी घरात असले काही आणायचे नाही म्हणून सांगितले. पण १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला तो मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या प्रसिद्ध काल्पनिक भुतावरून, जे पडद्याआड बसून एकेक कण निवडीत राहते. आपल्याकडचा जवळचा नातलग म्हणजे विक्रमाचा वेताळ. फरक एवढाच की आमचा वेताळ अवाक्षर बोलत नाही. एमपीडीला चेहरा नाही, खिडकी नाही, बटण नाही. संगणक सुरू झाला की तो आत जाऊन बसतो आणि हुकमाची वाट पाहतो. हुकूम घरातल्या कोणत्याही यंत्रावरून सोडावा. आम्ही खिशातल्या फोनवरून सोडतो. फोन बंद केला तरी गाणे चालूच राहते, कारण गाणे फोनमध्ये नाहीच. संगणकाला पडदाही लागत नाही. आमचा कपाटामागे आहे, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना गाणे कोठून येते ते कळत नाही.

त्याला सूचना द्यायच्या त्या एका साध्या मजकुराच्या कागदात लिहून ठेवायच्या, किराणा दुकानाच्या यादीसारख्या. गाणी कोणत्या कपाटात आहेत. बाहेर कोणत्या दाराने जायचे. आवाज लहानमोठा करण्याच्या भानगडीत पडायचे नाही. या शेवटच्या ओळीचे कारण सांगतो. सोळा बिटांच्या आकड्यांत आवाज निम्म्यावर आणायचा म्हणजे प्रत्येक आकड्याला दोनाने भागायचे. भागले की शेवटचा बिट हातचा जातो. आणखी निम्मे केले की आणखी एक. म्हणून आवाजाची खुंटी अॅम्प्लिफायरवर फिरवावी, संगणकात नव्हे. पुढच्या डबीत चोवीस बिटांची जागा असली तर हे नुकसान नाममात्र असते. पण जे फुकट टाळता येते ते का करावे? आणि थेट दार धरले की ते दार एका वेळी एकालाच मिळते. घंटेला आत यायला वावच उरत नाही. सांध्यावरची पोकळीही गेली. हा वेताळ पहिला भाग संपण्यापूर्वीच दुसरा उघडून ठेवतो.

काम खरोखर तसे होते आहे का, हे पाहण्याचीही सोय आहे, आणि ती आम्हांला फार आवडली. आल्सा आपल्या कारभाराची एक पाटी टांगून ठेवते. सीडीचे गाणे लागलेले असताना ती वाचली तर ‘दर ४४१००’ असे स्वच्छ लिहिलेले दिसते. गाणे थांबवले की पाटीवर एकच शब्द, ‘बंद’. इतका प्रामाणिक कारकून आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

आता आमच्या फजितीकडे येतो. व्यवस्था लागली त्या संध्याकाळी आम्ही डोळे मिटून ऐकले आणि घरच्यांना ऐकवले की काय हा फरक! तंबोऱ्याची जवार उलगडली आहे, तबल्याच्या चाटेला धार आली आहे, गायक दोन पावले पुढे येऊन बसला आहे. चार मित्रांनाही बोलावून सांगितले. सौभाग्यवती आठवडाभर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. मी नाणे उडवते. छापा आला तर जुना लावते, काटा आला तर तुमचा वेताळ. तुम्ही नुसते ओळखा.”

पहिल्या फेरीत आम्ही २० पैकी १८ वेळा बरोबर ओळखले. आम्ही विजयी मुद्रेने वळलो, पण तिथे भाचा उभा होता. त्याने सांगितले की जुना प्रोग्रॅम सगळ्या गाण्यांची पातळी सारखी राखण्यासाठी आवाज थोडा उतरवून वाजवतो. आधी दोन्ही सारखे करू. कानाची ही मोठी खोड आहे. आवाज किंचित मोठा असला की तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. पातळी सारखी केली आणि पुन्हा नाणे उडाले. २० पैकी ११. नाणेही जवळपास तेवढेच ओळखते.

अशी फजिती केवळ आमचीच नाही, याचा थोडा दिलासा आहे. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी एक परीक्षा प्रसिद्ध केली. सीडीहून कितीतरी सूक्ष्म नोंदीचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापातून गाळून घेतलेला, यांतला कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्यांनी ओळखायचे. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. पुढे २०१६ साली लंडनच्या राइस यांनी अशा अनेक परीक्षा एकत्र मांडल्या, तेव्हा शंभरात बावन्नाच्या आसपास बरोबर उत्तरे निघाली. म्हणजे काही कानांना काही वेळा कळत असावे. आमच्या कानांना नाही. या वयात बारा हजार कंपनांच्या वर आम्हांला पालही ऐकू येत नाही.

म्हणून काही मंडळी सांगतात की अमुक प्रोग्रॅमने बासरी गोड होते, गाभा बदलला की सारंगी रडते, त्यांना आमचा नमस्कार. संगणकाबाहेर जी डबी आकड्यांचा आवाज करते तिला ‘डॅक’ म्हणतात. बऱ्या जातीच्या डॅकमध्ये स्वतःचे स्फटिकाचे घड्याळ असते. ठेका ती धरते; संगणकाकडून ती वेळच्या वेळी आकडे मागून घेते, एवढेच. आकडे जसेच्या तसे पोचले की प्रोग्रॅमचे काम संपले. त्यात गोडी घालायची जागाच नाही. पैसे खर्चायचेच असतील तर कर्ण्यांवर खर्चा, आणि त्याआधी खोलीत एक जाड सतरंजी अंथरा. आमच्या दिवाणखान्यात सतरंजीने जो फरक पडला तो ओळखायला नाणे लागले नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. तानपुरा तुटत नाही, घंटा वाजत नाही, हे तर झालेच. पण मधले सारे हात काढून घेतल्यावर एक गोष्ट घडली, तिची आम्ही अपेक्षा केली नव्हती. दोष कोठे आहे ते उघडे पडू लागले.

१९८३ च्या गणपतीत सांगलीला आमची मावशी घरच्या मंडळींसमोर पूरिया धनाश्री गायली. ती कधी बाहेर गायली नाही. आम्ही ते कॅसेटवर घेतले होते, नव्वद मिनिटांची कॅसेट, एक बाजू भरून. ती गेल्यावर, २००३ साली, आम्ही ते संगणकात उतरवले. तेव्हा आमची डिस्क २० जीबीची. एक बाजू पुरी ठेवायची म्हणजे ४७६ एमबी. १२८ च्या मापाच्या एमपी३ मध्ये अवघी ४३. अकरापट बचत! शिक्षकाच्या घरात काटकसर मुरलेली असते. आम्ही एमपी३ केली, पुढचेमागचे ‘रिकामे’ भाग कापले, आणि कॅसेट कोणा मुलाच्या इंग्रजी कवितांसाठी पुन्हा वापरायला दिली.

नव्या व्यवस्थेवर आम्ही मोठ्या हौसेने मावशीला लावले. एमपी३ करणारा हिशेबनीस जे कानाला कळणार नाही असे त्याला वाटते ते टाकून देतो. फितीची खरखर मात्र त्याला नीट टाकता येत नाही. त्याच्या तुटपुंज्या शिधापैकी बराचसा तिच्यावर खर्च होतो, आणि उपाशी राहतो तो तानपुरा. पूर्वीच्या लहान कर्ण्यावर हे कळले नव्हते. आता स्पष्ट ऐकू येत होते: तारा पाण्यातून छेडल्यासारख्या, आणि मावशीचा तीव्र मध्यम जिथे तानपुऱ्यावर टेकायचा तिथे नुसती बुडबुड. भाच्याने भीत भीत सुचवले की तिचे फ्लॅक करून पाहू. फ्लॅकमध्ये काही टाकले जात नाही हे खरे. २००१ पासूनची ही पद्धत सीडीची जागा निम्म्याच्या आसपास आणते आणि एकही आकडा गमावत नाही. पण जे आधीच टाकले ते ती कोठून आणणार? चोथ्याला चांदीच्या ताटात ठेवले तरी त्यातून रस निघत नाही.

नंतर कधीतरी मावशीच्या मुलीला आम्ही फोन केला. ती बेळगावला असते. म्हणाली, “दादा, तूच तर आईला एक प्रत करून दिली होतीस. ट्रंकेत असेल.” होती. प्रतीची प्रत, खरखर दुप्पट, कडेला बुरशी. आम्ही एक जुना डेक मिळवला, त्याचे डोके स्पिरिटने पुसले. डोक्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने ते फितीला काटकोनात आणावे लागते. केसभर कलले तरी वरचे सूर जातात. दोन संध्याकाळी तो स्क्रू फिरवण्यात गेल्या. मग चोवीस बिटांत सबंध बाजू उतरवली. या वेळी काही कापले नाही.

तानपुरा आहे. खरखरीमागे आहे, पण आहे, सलग आहे. आणि गाणे संपल्यावर, आम्ही वीस वर्षांपूर्वी जो भाग रिकामा म्हणून कापला होता तिथे, कोणीतरी तानपुरा खाली ठेवल्याचा आवाज येतो आणि मावशी म्हणते, “झालं ना रे? मग बंद कर ते. उगाच फीत जाते.”

दुसऱ्या बाजूवर काय आहे ते अजून ऐकलेले नाही. त्या बाजूला फीत अडकते. चाकांखालची पट्टी बदलायला हवी, आणि ती पट्टी आता सहज मिळत नाही. एक दुरुस्तीवाले गृहस्थ पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले आहेत. ती मिळाली की त्या बाजूला हात घालू.