पाठवणाऱ्याची सोय, घेणाऱ्याचा खर्च



साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यात उसाच्या गाड्या नंबराने लागतात. एखाद्याने मध्येच गाडी घातली, तर त्याचा ऊस लवकर गव्हाणीत पडेल. पण मागच्यांचा उन्हात वाळेल. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. संगणकावरील चर्चामंडळांत जो शिष्टाचार रूढ झाला, त्याच्या मुळाशी हाच न्याय आहे.

१९८० साली अमेरिकेत 'यूजनेट' सुरू झाले. विद्यापीठांतील यंत्रे टेलिफोनवरून एकमेकांशी जोडली जात आणि एकाने लिहिलेला मजकूर सर्वत्र पोचे. आपल्याकडे इंटरनेट सामान्यांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेकंदाला ९,६०० बिटांच्या मोडेमवर एक मेगाबाइटची फाइल उतरवावयास सुमारे १४ मिनिटे लागत, आणि फोनचे बिल घेणाऱ्याच्या माथी पडे. म्हणून काही दंडक पडले. फाइल 'झिप' करून लहान करावी. तुकडे पाडल्यास 'पाचांपैकी दुसरा' असे वर लिहावे. मजकुराच्या मंडळात चित्रे टाकू नयेत. उत्तर देताना समोरच्याचे सबंध पत्र पुन्हा उतरवू नये. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी अशा नियमांचे टिपण प्रसिद्ध केले. त्यात नवख्याला सल्ला आहे की, लिहिण्यापूर्वी एक-दोन महिने नुसते वाचा. सारा मजकूर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे, असेही त्यात बजावले आहे. घोषणा गेटवर शोभते, भावाच्या कानात नव्हे!

आता वेग वाढला, मग हे जुने दंडक कशाला, असे कोणी विचारील. वेग वाढला, पण माणसाचा दिवस चोवीस तासांचाच राहिला. साखर कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीच्या करारावर ठरते. तो करार व्हॉट्सअॅपवर वीस अस्पष्ट फोटोंत येतो, पाने मागेपुढे, वर सुप्रभाताची फुले. पाळी संपवून आलेला कामगार त्यात फरकाचा आकडा शोधतो, सापडत नाही, आणि शेवटी अफवेवर विसंबतो. व्यवस्थापनाने माहिती दडवली तर आपण गेटसभा घेतो. आपणच ती ढिगाखाली गाडली, तर दाद कोणाकडे मागावयाची?

तेव्हा करार एकाच फाइलीत, पाने क्रमाने लावून, नावात विषय व तारीख घालून, एकदाच पाठवा. प्रश्न विचारण्याआधी वरचे वाचा. शेवटच्या कामगाराला तो आपल्या पगारपत्रकाशी ताडून पाहता आला, म्हणजे पाठवणाऱ्याचे काम पुरे झाले.