खातं तिचं, मोबाइल कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



बायकांच्या शिबिरात शेअर बाजार कशाला, असं काहीजणींना वाटलं असेल. हा विषय मी हौसेने आणलेला नाही. आमच्या सल्ला केंद्रात पोटगीच्या, मारहाणीच्या कागदांबरोबर आता बायकांच्या पिशवीतून आणखी एक कागद निघू लागला आहे. शेअर दलालाचं थकबाकीचं पत्र. एका अंगणवाडी सेविकेला असं पत्र आलं. पॅन कार्ड तिचं, सही तिची, उत्पन्नाचा पुरावा म्हणून जोडलेला बँकेचा उतारासुद्धा तिच्याच मानधनाचा. मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र नवऱ्याचा. तिच्या नावावर तो ऑप्शन विकत होता. "ताई, मी तर काहीच केलं नाही," असं ती म्हणत राहिली. पण दलालाच्या वहीत गिऱ्हाईक तीच आणि देणंही तिचंच.

तेव्हा नवखीने दलाल कसा निवडावा हे सांगताना मी दलालीच्या दरापासून सुरुवात करणार नाही. आधी विचारा, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? एकाचा मोबाइल नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्याला लावता येत नाही, असा नियम आहे. पण कुटुंबापुरती सूट आहे. लेखी दिलं की नवऱ्याचा नंबर बायकोच्या खात्याला चालतो. नियम करणाऱ्यांनी कुटुंब म्हणजे एकच खिसा असं धरलं. तो खिसा कुणाच्या सदऱ्याला असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! स्वतःचा फोन, स्वतःचा ईमेल आणि स्वतःच चालवत असलेलं बँकखातं, या तीन गोष्टी नसतील तर डिमॅट खातं उघडूच नका. आधी त्या मिळवा.

आता दलाल. तो सेबीकडे नोंदलेला हवा. नोंदणी क्रमांक आयएनझेड या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. व्हॉट्सअॅपच्या गटातून आलेलं अॅप घेऊ नका. कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगणारा, ठरावीक नफ्याची हमी देणारा माणूस ठकच समजा. आपले शेअर दलालाच्या घरात नसतात, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत आपल्या नावावर असतात. व्यवहार झालेल्या महिन्याचं पत्रक तिथून येतं. ते दलालाच्या हिशेबाशी ताडून पाहा.

दलालीचा हिशेब फार अवघड नाही. एका सौद्याला साधारण वीस रुपये घेणारे बरेच आहेत, शेअर घेऊन ठेवले तर काहीजण काहीच घेत नाहीत. साध्या, म्हणजे बीएसडीए प्रकारच्या डिमॅट खात्यात चार लाखांपर्यंतचे शेअर असले तर सप्टेंबर २०२४ पासून वार्षिक शुल्क लागत नाही. ते मागून घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा, दलालाची कमाई आपण किती सौदे करतो यावर आहे. त्यांचं अॅप दिवसभर किणकिणतं ते उगीच नाही.

फॉर्म भरताना घाई करतात तिथे थांबा. फ्युचर्स-ऑप्शनच्या चौकटीत खूण करू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या दर १०० सामान्य माणसांपैकी ९३ तोट्यात गेली आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. दुसरा कागद डीडीपीआय. पूर्वी दलाल मुखत्यारपत्र लिहून घेत, २०२२ मध्ये त्याच्या जागी हा आला. तो ऐच्छिक आहे. दिला नाही तर शेअर विकताना आपल्याला पिन आणि ओटीपी द्यावा लागतो. जरा कटकट आहे, पण आपल्याला न विचारता काही विकलं जात नाही.

ज्यांच्या सह्या आधीच झाल्यात त्यांनी काय करायचं? खातेदार या नात्याने दलालाकडे लेखी अर्ज करून सगळ्या सौद्यांची पत्रकं मागा. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार करा, तिला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नवऱ्याने बायकोच्या नावाचा असा वापर केला तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील आर्थिक छळाच्या कलमाखाली तो मांडता येतो. अंगणवाडीच्या ताईंचा अर्ज आम्ही तसाच लिहितो आहोत.

कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. नंबर बदलायचा अर्ज दिला की जुन्या फोनवरही संदेश जाऊ शकतो. म्हणजे नवऱ्याला त्याच दिवशी कळणार. तेव्हा अर्ज देण्याआधी ती बाई त्या रात्री कुठे राहणार, मुलं कुणाकडे असणार, हे तिच्याशी बसून ठरवा. पासबुक, आधार आणि पॅन कार्ड आदल्या दिवशीच घराबाहेर काढून ठेवायला सांगा.