मोजणी कोणाची, काम कोणाचं?

(डोंगरकडा येथील कार्यकर्ता शिबिरात आम्ही मांडलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीवर चार जण बसून मोठ्यानं वाचावं.)



आजचा विषय कागदावर 'रोजगाराचा अभ्यास आणि सरकारचं धोरण' असा लिहिलाय. नाव जड आहे, पण गोष्ट साधी आहे. पुण्या-मुंबईत, दिल्लीत काही माणसं हिशेब मांडतात की खेड्यात किती हातांना काम आहे आणि किती रिकामे आहेत. त्या हिशेबावर सरकार ठरवतं की काम काढायचं का, किती काढायचं आणि मजुरी काय द्यायची. म्हणजे तो आकडा फिरून आपल्या चुलीपर्यंत येतो. मग तो कसा तयार होतो हे आपल्याला कळायला नको का?

रोजगार हमीपासून सुरू करू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात एक प्रयोग केला. मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्या कामातून बांध, विहिरी, जमिनीची सुधारणा करून घ्यायची. आधी एका भागात करून पाहिलं आणि मग राज्याची योजना झाली. १९७२ मध्ये योजना जाहीर झाली अन् त्याच साली मोठा दुष्काळ पडला. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तो अजून आठवतो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडून, तलाव खांदून लोकांनी जीव जगवला. त्या लोकांनी मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. म्हणून नुसती योजना न राहता १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा? तर शहरातल्या नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. काम मागणं ही भीक नाही, तो हक्क आहे, हे देशात पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं ते असं. यात प्रयोगही होता, अभ्यासही होता आणि लोकांचा रेटाही होता. नुसत्या अभ्यासानं कायदा झाला नसता हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या चळवळीला टोचणारी गोष्ट सांगतो. १९७१ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक काढलं. फार गाजलं ते. त्यांनी हिशेब मांडला की देशात जमीन इतकी थोडी आहे अन् भूमिहीन इतके जास्त आहेत की जमीनवाटपानं सगळ्यांचं पोट भरणार नाही. म्हणून गरिबाला सरकारी कामाची हमी द्या. कामाच्या हमीला या मांडणीनं मोठं बळ दिलं, हे मान्यच केलं पाहिजे. पण तेव्हापासून आपल्याला एक सवाल ऐकावा लागतो: "काम मिळतंय ना, मग जमीन कशाला मागता?"

याला आमचं उत्तर असं. सगळ्या देशाची जमीन सगळ्या गरिबांत वाटून पुरेल का, हा त्यांचा प्रश्न होता. आपण दुसऱ्याची जमीन वाटून मागत नाही. बापजाद्यांनी दगड वेचून जी वहिती केली, जी आज आपण कसतो आहोत, तिचा कागद मागतो आहोत. आणि कागद नसला तर रोजगार हमीचा लाभही अर्धाच पदरात पडतो. १९९० पासून या राज्यात रोजगार हमीतून फळबागा लावून दिल्या. बाग कोणाला मिळाली? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. आपण त्याच बागेत खड्डे खांदले, रोज घेतला आणि घरी आलो. बागेची आमदनी मात्र मालकाला वर्षानुवर्षं मिळत राहिली. केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही आदिवासी कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीवर सिंचनाची सोय करता येत होती, पण जमीन त्याची असावी लागत होती. म्हणून 'कसेल त्याची जमीन' आणि 'मागेल त्याला काम' हे एकाच गाडीचे दोन बैल आहेत. एक सोडला तर गाडी चालत नाही.

आता मोजणीकडे येऊ. सरकारची नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे. काही घरं निवडून माणूस येतो आणि विचारतो, मागच्या सात दिवसांत काय काम केलं? एका पद्धतीत सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असलं तरी तो माणूस कामावर आहे असं धरतात. म्हणजे सोमवारी एक तास कुणाचं सरपण फोडून दिलं आणि उरलेले दिवस काम शोधत फिरला, तरी कागदावर तो बेकार नाही. प्रा. म. ल. दांतवाला यांच्या समितीनं १९७० मध्ये सांगितलं की कारखान्याच्या देशातली ही मापं आपल्या खेड्याला लागू पडत नाहीत. इथं घरची शेती आहे, हंगामाचं काम आहे. आज आहे, उद्या नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या पाहणीपासून दिवसाचा हिशेबही घ्यायला लागले. चार तासांच्या वर काम म्हणजे पूर्ण दिवस, त्याच्या खाली अर्धा. आता तोच गडी सात दिवसांपैकी दोन दिवस कामाला गेला असेल तर दोन दिवस काम आणि पाच दिवस बेकारी, असं दिसतं. माणूस तोच, आठवडा तोच, नुसतं माप बदललं. म्हणून कुणी सांगितलं की बेकारी कमी आहे, तर आधी विचारा, कुठल्या मापानं?

बायांचा हिशेब तर आणखी वाकडा आहे. पाहणीवाला दारात येतो तेव्हा घरधनी सांगून मोकळा होतो, "ती घरीच असते." ती घरी असते का? पहाटे पाणी, मग मोळी, मग मोह वेचणं, गुरांचा चारा, रानभाजी. पाहणीच्या यादीत अशा बाईसाठी एक खाना आहे: घरकाम करणारी आणि फुकटात सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी. त्या खान्यात नाव गेलं की ती कामकऱ्यांत मोजली जात नाही आणि बेकारांतही मोजली जात नाही. जंगल बंद झालं, तेंदूपत्ता गेला, तर तिचं काम गेलं हे कुठल्याच आकड्यात उमटत नाही. पण अभ्यासानंच याचं दुसरं टोकही दाखवलं. रोजगार हमीवरच्या मजुरांत बाया किती हे कुमुदिनी दांडेकर आणि इतरांनी पाहिलं. १९८० च्या आसपास त्या चाळीस टक्क्यांच्या घरात होत्या. म्हणजे जवळ काम निघालं, गड्याला-बाईला मापावर सारखा दर मिळाला, की 'घरीच असणारी' बाई शेकड्यानं कामावर येते. ती काम करत नव्हती हे खरं नाही. तिला दाम देणारं काम नव्हतं, एवढंच.

आणखी एक आरोप बागायतदाराच्या ओट्यावर नेहमी ऐकू येतो: "हमीचं काम काढलं की शेतीला माणूस मिळत नाही, यांना फुकटाची सवय लागते." यावरही अभ्यास झालेला आहे. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा, या दोन गावांत वर्षानुवर्षं घरोघरचे हिशेब लिहिले गेले. ते हिशेब घेऊन गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी पाहिलं की हमीच्या कामावर जाताना मजुरानं दुसरीकडची किती कमाई सोडली. उत्तर निघालं, मजुरीच्या साधारण चौथा हिस्सा. म्हणजे १०० रुपये मिळाले तर २५ रुपयांचं दुसरं काम सुटलं आणि ७५ रुपये घरात नव्यानं आले. लोक रिकामे होते म्हणून आले, शेती ओस पाडून आले नाहीत.

त्याच मंडळींनी शुभम चौधुरींबरोबर १९८८ चाही हिशेब तपासला. त्या साली किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि हमीची मजुरीही वाढली. वाढली तर मजूर जास्त यायला पाहिजेत. पण हजेरी घसरली. का? गरज संपली म्हणून नाही. पैसा तेवढाच ठेवून सरकारनं कामंच कमी काढली. दर कागदावर वाढला, पण काम मागणाऱ्याला वाट पाहायला लावली. यातून आपण एक शिकायचं. मजुरी वाढवून मागताना कामाची संख्याही धरून ठेवायची. नाहीतर या हातानं दिलेलं त्या हातानं जातं.

आता केंद्राचं बघू. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यात आपला हिंगोली आहे, शेजारचे नांदेड, यवतमाळ आहेत. त्या कायद्यात असं होतं की मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या चौथा हिस्सा, पुढं निम्मा. काम ५ किलोमीटरच्या आत, लांब असलं तर १० टक्के जास्त. ठेकेदाराला मनाई. सात तास राबलेल्या माणसाला साधारणपणे पूर्ण मजुरी पडेल असे मापाचे दर असले पाहिजेत, हेही त्याच कायद्यात होतं. आपल्या मुरमाच्या रानात दिवसभर खांदून पूर्ण मजुरी पडत नसेल, तर दोष मजुराच्या अंगात नाही, दरपत्रकात आहे. पण ते सिद्ध करायला आपल्याकडं मापं लिहिलेली पाहिजेत.

आणि मुकादमाचं काय? पोळा-गणपतीच्या सुमाराला तो उचल घेऊन येतो. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोचा एक कोयता धरून जोडपी उसाला निघतात. पोरांची शाळा सुटते, म्हातारी माणसं मागं राहतात. लोकांना ऊस तोडायची हौस नाही. अडल्या वेळी हातात पैसा देणारा तो एकटाच असतो, म्हणून त्याचा भाव चालतो. गावात हमीचं काम खात्रीनं निघालं तर सगळे थांबतीलच असं नाही, पण जाणारासुद्धा चार पैसे जास्त मागू शकेल. ज्याला दुसरी वाट आहे त्यालाच घासाघीस करता येते. कामाच्या हमीचं खरं बळ तिथं आहे.

२००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की पुढच्या वर्षाचं कामाचं अंदाजपत्रक जिल्ह्यानं डिसेंबरात तयार करायचं. मागणी दिसली नाही तर गरज नाही असं धरलं जातं. म्हणून यंदा आपली मोजणी आपण करायची. प्रत्येक वाडीनं हे करावं:

१. दोनशे पानी एक वही. लिहिता येणारी दोन पोरं नेमा, त्यात एक मुलगी असावीच. बायांचा हिशेब बायांकडूनच घ्यायचा.

२. दर आठवड्याला घरटी लिहायचं: कोण किती दिवस कामाला गेलं, कोणाकडं, रोज किती पडला, किती दिवस काम शोधून मिळालं नाही. मोळी, मोह, तेंदू, डिंक यात गेलेले दिवस वेगळे लिहायचे.

३. बाहेरगावी कोण गेलं, कधी गेलं, उचल किती घेतली, कधी परत आलं.

४. चार नंबरचा फॉर्म भरून काम मागायचं आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच नाही तर भत्ताही नाही.

५. हमीच्या कामावर खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आपणही मोजून वहीत टिपायची.

६. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झालेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीचा दावा भरताना, त्या जमिनीवर बांध, विहीर, झाडं काय काय करायचं त्याची यादीही त्याच ग्रामसभेत ठराव करून ठेवा. पट्टा हातात येईल त्या दिवशी कामाची यादी तयार पाहिजे.

ही वही डिसेंबरच्या आधी ग्रामसभेत वाचायची आणि ठरावाला जोडून पुढं पाठवायची. एका वाडीची वही साहेब बाजूला सारेल. चाळीस वाड्यांच्या वह्या एकत्र टेबलावर ठेवल्या तर त्याला उत्तर द्यावं लागेल. आकडे काढणारी शहाणी माणसं आपल्या बाजूनंही बोललेली आहेत, हे आज आपण पाहिलं. पण ती बोलली ती कुठल्यातरी गावानं हिशेब लिहू दिला म्हणून. शिरापूर-कानझऱ्याचा हिशेब झाला, आता आपल्या डोंगरातला व्हायचा आहे.

वह्या शिबिर संपल्यावर इथूनच न्याव्यात. प्रत्येक वाडीनं नाव आणि वही नेणाऱ्याची सही देऊन जावं. पोळ्याच्या आत पहिली आठ पानं भरलेली दिसली पाहिजेत.

जोहार!